झाकलेली नावे

मराठीत ‘तो पितो’ एवढे म्हटले की वाक्य पूर्ण होते. ‘पिणे’ हे क्रियापद सकर्मक आहे. पाणी, दूध, चहा यांच्या बाबतीत आपण कर्म सांगतो. एका द्रवाच्या बाबतीत मात्र कर्म गाळले तरी चालते, किंबहुना ते गाळल्यानेच अर्थ पक्का होतो. व्याकरणाच्या तासाला हे उदाहरण मी बरीच वर्षे देत आलो आहे. विद्यार्थी हसतात आणि तास पुढे सरकतो. आमच्या स्वतःच्या घरात हे वाक्य सतरा वर्षे याच रूपात, कर्म गाळून, बोलले जात होते, हे मात्र वर्गात उभे असताना माझ्या कधी मनात आले नाही. ते मनात आले गेल्या मे महिन्यात, वाणगावच्या घरी केलेल्या एका काहीशा पोरकट उद्योगामुळे. साहित्यसमीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकात स्वस्त व्हिस्कीविषयी लिहिणे अप्रस्तुत वाटेल याची जाणीव आहे. परंतु आस्वाद, अभिरुची, रस हे आपल्या व्यवसायातले सगळे मूळ शब्द जिभेवरूनच आलेले आहेत. ते एकदा जिभेवर परत नेऊन पाहिले, तर काय होते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

उद्योगाचे मूळ आय. ए. रिचर्ड्‌स यांच्यात आहे. केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांना त्यांनी कवींची नावे काढून टाकलेल्या कविता वाचावयास दिल्या, त्यांचे लेखी अभिप्राय घेतले आणि तेरा कवितांवरच्या त्या अभिप्रायांची चिकित्सा ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या 1929च्या ग्रंथात मांडली. नाव झाकले की चांगल्या घरची, चांगली शिकलेली मुलेही कशी भांबावतात, हे त्यांनी दाखवून दिले. हा ग्रंथ मी दरवर्षी शिकवतो, आणि शिकवताना त्या केंब्रिजच्या मुलांना किंचित वरून पाहतो. माझा प्रबंध आस्वादप्रक्रियेवर आहे. तेव्हा, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत काम करणारा माझा मेव्हणा जेव्हा म्हणाला, की ‘तुमचं ते रिचर्ड्‌सचं आम्ही रोज करतो, नमुन्याचं नाव झाकल्याशिवाय आमच्याकडे कोणी तोंड उघडत नाही,’ तेव्हा मी ते आव्हान स्वीकारले.

वाणगाव हे पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मधले स्थानक. मिरचीसाठी ओळखले जाणारे. आमचे घर स्थानकापासून चालत वीस मिनिटांवर. मागे ताडाची झाडे, पुढे माझ्या बालमित्राची मिरचीची बाग. त्या बागेचा मालक आमच्या मंडळाचा तिसरा सभासद झाला. तीन प्रकारच्या भारतीय बनावटीच्या, सामान्य नोकरदाराला परवडतील अशा व्हिस्कींच्या क्वार्टर, म्हणजे 180 मिलीलिटरच्या बाटल्या, आणि मेव्हण्याने कोणाकडून तरी मिळवलेली बंगळूरच्या सिंगल माल्टची एक बाटली, एवढे साहित्य जमले. पहिल्या तिघींची नावे मी येथे देत नाही. नाव झाकणे हाच प्रयोगाचा मुद्दा होता, हे एक कारण. दुसरे पुढे कळेल.

पहिल्या संध्याकाळी बाटल्या उघड्या ठेवूनच आम्ही चव घेतली. निकाल असा लागला, की आम्हा तिघांचा गुणानुक्रम हा तंतोतंत किमतीचा क्रम होता. सर्वांत स्वस्त बाटलीविषयी मी वहीत ‘उग्र, उथळ, घशाशी संपणारी’ असे लिहिले. तिच्याहून थोड्या महाग बाटलीला ‘अधिक गोलाई’ होती. ही गोलाई कोठून आली, असे त्या वेळी कोणी विचारले असते, तर मी बाटलीकडे बोट दाखवले असते, आणि ते खरेच उत्तर ठरले असते.

बाटलीवरची नावे ही स्वतंत्र वाचनाची संहिता आहे. आपल्याकडच्या प्रसिद्ध व्हिस्कींची नावे आठवून पाहावीत. 1988च्या सुमारास बाजारात आलेली ‘ऑफिसर्स चॉइस’, नव्वदच्या दशकातली ‘रॉयल स्टॅग’ आणि ‘ब्लेंडर्स प्राइड’, त्यांच्या आगेमागे ‘डायरेक्टर्स स्पेशल’, ‘रॉयल चॅलेंज’. अधिकारी, संचालक, राजघराणे! यांतले एकही नाव चवीविषयी काही सांगत नाही. ते पिणाऱ्याला एक हुद्दा देते. याउलट देशी दारूच्या दुकानात ‘संत्रा’ मिळते, ‘मोसंबी’ मिळते. देशीचे नाव फळावरून, विदेशीचे पदावरून. दोघींचा मद्यार्क बहुतेक वेळा उसाच्या मळीतूनच आलेला असतो, हे लक्षात घेतले म्हणजे नामकरणातला हा फरक अधिकच बोलका होतो. ‘विदेशी’ हा शब्दही अबकारी खात्याच्या परिभाषेतला आहे. भारतात तयार झालेल्या द्रवाला ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ म्हणणारी ही परिभाषा विरोधाभास अलंकाराचे उत्तम उदाहरण म्हणून शिकवावी अशी आहे. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे व्हिस्की धान्यापासूनच व्हावी लागते आणि लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरावी लागते. त्या नियमाने आमच्या पहिल्या तीन बाटल्यांना ते नावच मिळाले नसते. 2025मध्ये महाराष्ट्र शासनाने धान्यापासून राज्यातच बनणाऱ्या मद्याचा ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा नवा वर्ग केला आणि त्याच्या क्वार्टरची किमान किंमत 148 रुपये ठेवली. देशीची 80, भारतीय बनावटीच्या विदेशीची 205. म्हणजे आता देशी आणि विदेशी यांच्यामध्ये एक तिसरी पायरी आहे, आणि तिचे नाव इंग्रजीत आहे.

दुसऱ्या संध्याकाळी मेव्हण्याने सूत्रे हातात घेतली. त्याने चारही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर क, ख, ग, घ अशी अक्षरे लिहिली. आता न पिणाऱ्या कोणीतरी त्या आत नेऊन, क्रमांक घातलेल्या पेल्यांत ओतावयाच्या आणि कोणत्या क्रमांकात कोणते अक्षर आहे, ते चिठ्ठीवर टिपून ठेवावयाचे. म्हणजे बाटली गुंडाळणाऱ्याला पेला ठाऊक नाही आणि ओतणाऱ्याला बाटलीचे नाव ठाऊक नाही. घरात न पिणारी व्यक्ती एकच होती. त्याने सहज हाक मारली, ‘वहिनी, जरा एवढं करता का?’ वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची पत्नी. दादाला जाऊन नऊ वर्षे झाली. तो दारूनेच गेला. मेव्हण्याने विचारले, तेव्हा मला अवघडल्यासारखे झाले. पण मी काही बोललो नाही. वहिनी पदर खोचून बाटल्या आत घेऊन गेल्या.

चार पेले आले. सिंगल माल्ट आम्ही तिघांनीही ताबडतोब ओळखली; धान्य आणि लाकूड यांची खूण लपत नाही. उरलेल्या तीन पेल्यांचा मात्र माझा क्रम उलटापालटा झाला. दोन क्रमांकाच्या पेल्याला मी पहिली पसंती दिली आणि वहीत ‘संयत, किंचित व्हॅनिलाकडे झुकणारी, शेवट स्वच्छ’ असा अभिप्राय लिहिला. नंतर कागद सोडल्यावर ती आदल्या दिवशीची ‘उग्र, उथळ’ अशी बाटली निघाली.

मेव्हण्याने मग त्रिकोणी चाचणी घेतली. तीन पेल्यांपैकी दोघांत एकच द्रव, तिसऱ्यात वेगळा, वेगळा ओळखावयाचा. स्वस्त तिघींच्याच जोड्या लावून, एकेक चमचा देऊन सहा फेऱ्या झाल्या. डोळे मिटून उत्तर दिले, तरी तीनांत एक बरोबर येणारच. माझी सहांपैकी दोन उत्तरे बरोबर आली, म्हणजे डोळे मिटूनच दिल्यासारखी. मेव्हण्याची तीन आली. मिरचीवाल्या मित्राची पाच आली, आणि केवळ नशिबाने पाच किंवा अधिक येण्याची शक्यता शेकडा दोनहूनही कमी आहे, असे मेव्हण्याने हिशेब करून सांगितले. आठ वर्षे आस्वादावर प्रबंध लिहिणारा मी. मित्राने दोन्ही दिवसांत एकही विशेषण वापरले नव्हते. तो पेला नाकाशी नेई, खाली ठेवी आणि म्हणे, ‘ही दुसरी.’ कशावरून, असे विचारले, तर खांदे उडवी.

या निकालावरून ‘चव वगैरे सगळे थोतांड आहे’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि तो चुकीचा आहे. 2001मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात, बोर्दो येथे वाइनचेच शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन तांबडा रंग मिसळून दिला, तेव्हा त्यांनी तांबड्या वाइनच्या वर्णनात शोभणारे शब्द वापरले. हा दाखला नेहमी टिंगलीसाठी दिला जातो. पण त्यातून सिद्ध होते ते एवढेच, की डोळा, नाव आणि शब्द हे जिभेच्या आधी पोहोचतात. भेद खोटे ठरत नाहीत. माल्ट आम्ही ओळखलीच होती. तिन्ही स्वस्त व्हिस्कींमधला भेद लहान होता, कारण तो मुळातच लहान असतो. मळीचा मद्यार्क सुमारे 96 टक्क्यांपर्यंत शुद्ध केला, की त्याला स्वतःची चव जवळजवळ उरत नाही. मग त्यात थोडा माल्टचा अर्क, रंगासाठी जाळलेली साखर आणि पाणी घालून तो बाटलीवर छापलेल्या 42.8 टक्क्यांवर आणावयाचा. फरक पडतो, तो या थोड्याशा माल्टमध्ये. तो ओळखता येतो, याची साक्ष मित्राच्या पाच बरोबर उत्तरांनी दिली. चूक मी केली. आणि ती अशी की भेद शोधण्याऐवजी मी क्रम शोधत होतो.

माझी दुसरी चूक शब्दांची. ‘व्हॅनिला’, ‘गोलाई’, ‘शेवट’ हे शब्द मी कोठून आणले? स्कॉटलंडमधल्या पेंटलँड्‌स येथील संशोधन केंद्रात 1979मध्ये व्हिस्कीच्या चवींचे एक चक्र तयार झाले. आजचा सगळा चव-व्यवहार त्या धर्तीवरच्या शब्दांनी चालतो. माझे शब्द त्याचे अनुवाद होते, जसे आपल्या समीक्षेतले पुष्कळसे शब्द अनुवाद असतात. मराठीला मद्याच्या चवीचे स्वतःचे शब्द नाहीत काय? ‘कडक’, ‘जड’, ‘हलकी’, ‘चढते’, ‘लागते’: हे सगळे परिणामाचे शब्द आहेत, चवीचे नव्हेत. क्रियापदे तर पिणाऱ्याची पायरी सांगतात. प्राध्यापक ‘घेतात’, मित्रमंडळी ‘बसतात’, मजूर ‘पितो’ आणि नावडता शेजारी ‘ढोसतो’. आमची भाषा मद्याचे वर्णन करीत नाही, मद्यप्याचे करते. ताडीच्या बाबतीत मात्र हे खरे नाही. झाडावरून नुकती उतरवलेली गोड, उन्हे चढता चढता आंबूस होत जाणारी, दुपारनंतरची आंबट. कोणत्या झाडाची, कोणत्या वेळेची, हे सांगणारी माणसे माझ्या लहानपणी मागच्या दारी बसलेली मी ऐकली आहेत. त्या संध्याकाळी धुरकट व्हिस्कीचा विषय निघाला, तेव्हा मी ‘पीट’ हा शब्द समजावून देऊ लागलो. मित्र म्हणाला, ‘म्हणजे राब भाजल्यावर पहिला पाऊस पडला की येतो तसा वास.’ भातशेतीच्या आधी शेतात पालापाचोळा जाळण्याचा तो वास या भागातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. यापेक्षा नेमके वर्णन मी वाचलेले नाही.

आता चिठ्ठीविषयी. चाचणी संपल्यावर मेव्हण्याने वहिनींकडून ती मागून घेतली. पेल्याचा क्रमांक आणि बाटलीचे अक्षर यांखेरीज तिच्यावर काही लिहावयाचे नव्हते. वहिनींनी प्रत्येक ओळीपुढे आणखी एक-दोन शब्द लिहिले होते. एकपुढे ‘गोडसर’. तीनपुढे ‘औषधासारखी, नवीन’. ती माल्ट होती. चारपुढे ‘संत्रावालीच्या जवळची’. आणि दोनपुढे ‘ह्यांची’.

बाटली गुंडाळलेली होती. चव त्यांनी घेतली नव्हती, कधीच घेतली नव्हती. मेव्हण्याने कागद काढला. दादा अखेरच्या वर्षांत जी पीत असे, तीच ती बाटली. मी ती दुकानात केवळ किंमत पाहून उचलली होती. दादा कोणती पीत असे, ते मला ठाऊकच नव्हते. कोणी काही बोलेना, तेव्हा वहिनीच म्हणाल्या, ‘भाऊजी, ही उघडली की मला चुलीपाशी कळायचं. मग मी मुलांना शेजारी पाठवायची.’ थोडे थांबून त्यांनी सांगितले, की देशी असली म्हणजे काळजी नसे, येऊन झोपत. ही असली, की रात्रभर बोलत राहत. त्यांनीच त्याचे कारणही दिले. पगाराच्या आठवड्यात ही असे, सोबतीला माणसे असत, बाहेर काहीतरी बोलाचाली झालेली असे. महिनाअखेर पैसे संपले की देशी. वास हा त्यांच्यासाठी पंचांग होता.

मला दादाचे अखेरचे दिवस आठवले. रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले होते, ‘काय घेत होते, किती, आणि किती वर्षे?’ आई म्हणाली, ‘तो पितो.’ मी, आस्वादावर डॉक्टरेट मिळवलेला धाकटा भाऊ, भिंतीशी उभा होतो. माझ्यापाशीही तेच दोन शब्द होते. मोजून उत्तर दिले ते वहिनींनी. कोणत्या वर्षापर्यंत देशी, केव्हापासून दुसरी, आठवड्यातून किती दिवस, किती क्वार्टर. त्या वेळी ते मला बायकी तक्रारीसारखे वाटले होते. आज वाटते, की त्या घरात एवढ्या बारकाईने दुसऱ्या कोणी काही वाचलेले नव्हते.

डेव्हिड ह्यूम यांच्या 1757च्या अभिरुचीवरील निबंधात सर्व्हांतेसकडून घेतलेली एक गोष्ट आहे. सांचो पांझाच्या दोन नातलगांना पिंपातल्या वाइनविषयी मत विचारतात. एक म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणतो, किंचित लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामे होते, तेव्हा तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली जुनी किल्ली सापडते. खऱ्या समीक्षकाला सूक्ष्म संवेदना हवी, सराव हवा, तुलना हवी आणि पूर्वग्रहापासून मुक्तता हवी, असे ह्यूम सांगतात. पहिल्या तिन्ही कसोट्यांवर त्या दिवशी आमच्या पडवीत वहिनीच उतरत होत्या. चौथी मात्र त्यांना लावताच येत नाही. कांटच्या मताने तर या प्रांतात सौंदर्याचा प्रश्नच उद्भवत नाही; वाइन मला सुखद वाटते, एवढेच म्हणता येते, आणि सौंदर्याचा निर्णय हा हितसंबंधांपासून अलिप्त असावा लागतो. आपल्या परंपरेतही तेच. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची उपपत्ती अन्नाच्या दृष्टान्ताने दिली, आणि तेथे चव घेणारा ‘सुमनस्’, प्रसन्न चित्ताचा, कल्पिला. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली; स्वतःच्या सुखदुःखात बुडून जाणे हे त्यांतले एक. वहिनींचे सगळे ज्ञान या विघ्नातून आलेले होते. मुलांना शेजारी पाठवावयाचे की नाही, हा ज्या वासाचा अर्थ आहे, त्याच्याविषयी अलिप्त कोणी राहावे?

मी हे सिद्धान्त मोडीत काढतो आहे असे नाही. अलिप्ततेवाचून मला स्वतःची चूक कळलीच नसती. बाटल्यांवर कागद गुंडाळणे हेही अलिप्ततेचेच एक यंत्र आहे. पण अलिप्त राहून मला जो भेद कळला नाही, तो ज्याचे सर्वस्व पणाला लागले होते, त्या माणसाला कळला, हेही तितकेच खरे आहे. आजवर मी विघ्न म्हणजे ज्ञानाचा अडसर असे शिकवत आलो. ते रसाचे विघ्न असेल. ज्ञानाचे असेलच असे नाही. हे दोन वेगळे आहेत, हे मला पुस्तकात दिसावयास हवे होते.

या परिसराने दारूविषयी बोलण्याच्या तऱ्हा पुष्कळ पाहिल्या आहेत. 1922मध्ये आजच्या पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्यांतून देवीची चळवळ उठली आणि उत्तरेकडे दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात पसरली. अंगात आलेली देवी ताडी आणि दारू सोडा म्हणून सांगे, आणि हजारोंनी ती सोडली. डेव्हिड हार्डिमन यांनी 1987च्या आपल्या ग्रंथात तिचा इतिहास मांडला आहे. 1949चा दारूबंदीचा कायदा अजून आहे, आणि त्याच्या पोटात परवान्यांची व्यवस्था आहे. 1919मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ने मराठीला तळीराम दिला, तो आज सामान्यनाम झाला आहे. नकार, परवाना, शोकान्तिका: या तिन्ही भाषा समर्थ आहेत. परंतु काय, किती, केव्हा, आणि आज कालच्यापेक्षा वेगळे काय, हे विचारणारी साधी भाषा यांत कोठे नाही. ती असती, तर दादा वाचला असता, असे मी म्हणणार नाही. त्याच्याशी बोलता तरी आले असते. ‘तो पितो’ या वाक्यापुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

जूनमध्ये महाविद्यालय उघडले, तेव्हा मी रिचर्ड्‌स पुन्हा शिकवला. केंब्रिजच्या मुलांना हसण्याची जागा आली. मी हसलो नाही, एवढाच फरक. विद्यार्थ्यांना कवीचे नाव काढलेली एक कविता दिली आणि अभिप्रायाखाली आणखी एक ओळ लिहावयास सांगितली: हे तुम्ही यापूर्वी कोठे अनुभवले आहे? बऱ्याच जणांनी ती जागा कोरी ठेवली. तेही योग्यच असेल. त्याचे काय करावयाचे, हे माझे मलाच पुरते ठरवता आलेले नाही.

त्या रात्री पेले उचलून नेताना वहिनींनी सहज विचारले होते, ‘शेवटी पहिला नंबर कोणाला दिलात, भाऊजी?’ माझी वही मांडीवर होती. ‘काही ठरलं नाही,’ असे मी म्हणालो. खरे उत्तर या पानांवर प्रथमच आले आहे, आणि हे नियतकालिक वाणगावला येत नाही, हे मला ठाऊक आहे.